रात्रीची दोन मिनिटं

प्रस्तावना

बालवाडीत गाणं सुरू झालं की मुलांची तोंडं दिसतात. एरवी ओठ मिटून कोपऱ्यात बसणारं मूलही गाण्यात रंगलं की मोठा आ करतं, आणि समोर टाळ्या वाजवत उभ्या असलेल्या बाईला आतलं सगळं दिसतं. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत मी २७ वर्षं बालवाडी चालवली. वरचे पुढचे चार दात तपकिरी होऊन हिरडीपर्यंत झिजलेले, दाढांत काळे खड्डे, हिरडीवर पुवाची पुळी, असं किती मुलांच्या तोंडात पाहिलं त्याची गणती नाही. ही मुलं साडेतीन-चार वर्षांची होती. डबा उघडला की पोळीचा मधला मऊ भाग खायची आणि कडा तशाच ठेवायची. मी कित्येक वर्षं त्यांच्या आयांना सांगत आले की हा खाण्याची टाळाटाळ करतो, ही लाडावली आहे. त्यांना चावताना दुखत होतं, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड भागांतल्या काही दंतवैद्यांनी आणि बालवाडीच्या ताईंनी मिळून ही पुस्तिका लिहिली आहे. शून्य ते आठ वर्षांच्या मुलांचे दात कसे जपावेत, हा तिचा विषय. प्रस्तावना मी लिहावी असं त्यांनी सुचवलं, तेव्हा मी आधी सगळी प्रकरणं वाचली आणि मग स्वतःला विचारलं, की आईच्या हाती ही पुस्तिका दोनच मिनिटं राहणार असेल, तर तिला काय कळलं पाहिजे? माझं उत्तर असं: मुलाचे दात रात्री झोपण्यापूर्वी घासले गेले पाहिजेत, आणि मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ते मोठ्या माणसाने घासले पाहिजेत. बाकी सगळं या एका गोष्टीच्या आधाराने उभं राहतं.

दुखणं किती पसरलेलं आहे, ते एका आकड्यावरून कळेल. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली. पाच वर्षांचं मूल म्हणजे ज्याचा सहसा एकही दुधाचा दात अजून पडलेला नसतो. शाळेत जाण्याआधीच निम्म्या मुलांचं तोंड आजारी पडतं, आणि आपण त्याला आजार म्हणतही नाही.

आपल्याकडे दात घासण्याचा संस्कार नाही असं कुणी म्हणू नये. 'दात घासल्याशिवाय चहा मिळणार नाही' हे वाक्य ऐकल्याशिवाय मोठं झालेलं मराठी मूल शोधून सापडणार नाही. माझी आजी चिपळूणजवळच्या गावी गोवऱ्यांच्या राखेत मीठ आणि कापूर घालून राखुंडी करायची आणि आम्हा भावंडांना ओटीवर रांगेत बसवून तर्जनीने दात घासायला लावायची. कुणाकडे कडुलिंबाची काडी, कुणाकडे बाभळीची. पुढे मंजनाच्या डब्या आल्या. केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळमध्ये विको सुरू केली, आणि वज्रदंती हा शब्द घराघरांत गेला. नायलॉनच्या केसांचा ब्रश जगात १९३८ साली आला होता, तो आपल्या मोरीच्या खिडकीत यायला आणखी बरीच वर्षं गेली. बोटाच्या जागी ब्रश आला, राखेच्या जागी पेस्ट आली. वेळ मात्र तीच राहिली. सकाळी उठून तोंड धुणं हे आपल्याकडे अंघोळीसारखं शुद्धीचं काम होतं. देवासमोर जायचं, अन्न घ्यायचं, तर तोंड स्वच्छ हवं. हा वारसा चांगला आहे आणि तो टिकवावाच. पण कीड रात्री काम करते, आणि रात्रीसाठी आपल्या वारशात काहीच नाही.

हे रात्रीचं काय ते समजून घेऊ. दातांवर जीवाणूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की हे जीवाणू त्यातली साखर घेतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातलं खनिज विरघळायला लागतं. दिवसा लाळ आपल्या बाजूने लढते. ती आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर कमी करते आणि गेलेलं खनिज थोडं थोडं परत भरते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. रात्री साडेनऊला वरणभातानंतर बिस्कीट खाऊन झोपलेल्या मुलाच्या दाढेत तो लगदा सकाळपर्यंत तसाच राहतो आणि त्याला धुणारं कुणी नसतं. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी का जातात, त्याचंही उत्तर इथंच आहे. साखर घातलेलं दूध रात्रभर त्याच दातांभोवती साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बरेचदा वाचतात. बालवाडीत मी जे तपकिरी खुंट पाहत होते, ते या बाटलीचे होते.

आपल्या भागात बिस्किटाबद्दल थोडं सांगायलाच हवं. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ साली सुरू झाला आणि २०१६ साली बंद झाला. मधल्या काळात लोकलने पार्ल्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने तो भाजक्या बिस्किटांचा वास छातीत भरून घेतला आहे. बिस्कीट हे इथल्या बालपणाचं अन्न आहे, आणि चहात बुडवलेलं बिस्कीट तर कित्येक घरांत मुलांचा नाश्ताच असतो. ते बंद करा असं मी सांगणार नाही. पण कुठल्याही कंपनीचं असलं तरी बिस्कीट तोंडात पेस्टसारखं चिकटतं आणि दाढांच्या खाचांत बसतं. चॉकलेटपेक्षा त्याला निरुपद्रवी मानू नका. दिवसात किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने दातांचं जास्त नुकसान होतं, कारण प्रत्येक घासानंतर आम्लाची नवी खेप सुरू होते. जेवणासोबत दोन बिस्किटं चालतील. दर तासाला अर्धं मात्र नको.

आता दुधाच्या दातांबद्दल. आमच्या लहानपणी दात पडला की तो कौलावर फेकायचा आणि उंदराकडे नवा दात मागायचा. आता इमारतींना कौलं नाहीत, मुलं पडलेला दात गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरतात. हा सोहळा गोड आहे. पण त्यामुळे आपल्या मनात पक्कं बसलं की दुधाचे दात पडण्यासाठीच असतात. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिची खालची दाढ किडली. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, दुधाची आहे, पडेलच. ज्यांना दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. गाल सुजला, तीन रात्री ती झोपली नाही, आणि शेवटी दाढ काढावी लागली. नंतर मला कळलं की दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी त्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवतात. रुमाल उचलला गेला, शेजारचे दात सरकले, आणि पक्का दात आला तेव्हा त्याला वाकडं यावं लागलं. मी शिक्षिका होते, चार पुस्तकं वाचलेली होती, आणि तरीही माझ्या मुलीला ते तीन रात्रींचं दुखणं सोसावं लागलं. तुमच्या घरात ते होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास आणखी एक गोष्ट गुपचूप घडते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला तिचा पत्ता लागत नाही. लोक तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की आहे आणि आयुष्यभर पुरायची आहे. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ती पूर्ण वर यायला काही महिने घेते, आणि त्या काळात ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असल्यामुळे ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. ज्या वयात आपण म्हणतो 'आता मोठा झाला, स्वतःचं स्वतः घासेल', नेमक्या त्याच वयात तोंडातली सगळ्यात मोलाची दाढ सगळ्यात मागे उभी असते. पुस्तिकेतलं तिच्यावरचं प्रकरण कृपा करून वगळू नका.

इथं माझ्या मनात झालेला एक झगडा सांगते, कारण तो बऱ्याच शिक्षिकांच्या मनात असेल. आम्ही ज्या परंपरेत शिकलो ती ताराबाई मोडकांची. त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तिथं आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या सोबतीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून अंगणवाडी आली, आणि १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांनी तेच नाव घेतलं. ताराबाईंच्या शाळेत हातपाय धुणं, नखं, केस, दात हे सगळं शिक्षणच मानलं जाई. आम्हाला शिकवलं गेलं की मुलाला जे स्वतः करता येतं ते आपण त्याच्यासाठी करायचं नाही. बटण त्याला लावू द्या, पाणी त्याला ओतू द्या, सांडलं तर त्यालाच पुसू द्या. म्हणून जेव्हा एका शिबिरात दंतवैद्य ताई म्हणाल्या, "आठ वर्षांपर्यंत तुम्हीच घासा," तेव्हा मला ते पटलं नाही. मी वाद घातला.

मग त्यांनी माझ्याच वर्गातल्या चार वर्षांच्या पाच मुलांना ब्रश दिले आणि मला नुसतं बघायला सांगितलं. पाचांनीही ब्रश मुठीत धरला. पुढचे सहा दात, जे आरशात दिसतात, ते उत्साहाने घासले. दोघं पेस्ट चघळत बसले. मागच्या दाढेपर्यंत एकाचाही ब्रश गेला नाही. या वयात मनगट हवं तसं वळत नाही. बुटाची नाडी बांधता येत नाही, अक्षर ओळीवर राहत नाही, तर तोंडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात ब्रश कसा वळवता येणार? मला समजलं की ताराबाईंचं सूत्र मी अर्धंच लक्षात ठेवलं होतं. मुलाला जे करता येतं ते त्याने करावं, हे खरं. जे येत नाही ते आपण करावं, म्हणजे ते येईपर्यंत त्याचं नुकसान होणार नाही.

त्यातून जी पद्धत आम्ही वर्गात आणि घरोघरी रुजवली, तिला मुलांनीच नाव दिलं, 'माझी पाळी, तुझी पाळी'. आधी मूल घासतं, त्याच्या मनासारखं, आरशात बघत, गाणं म्हणत. तेव्हा त्याच्यात सवय रुजते. मग ब्रश मोठ्याच्या हातात जातो, आणि दात खरोखर स्वच्छ होतात ते तेव्हा. दोन्ही पाळ्या हव्यात. पहिली नसेल तर मूल रडतं, दुसरी नसेल तर दात किडतात. नाडी बांधता आली, अक्षर नीट वळायला लागलं, की दुसरी पाळी हळूहळू सोडायची, आणि तरीही मागच्या दाढांवर नजर ठेवायची.

मोठ्याची पाळी मोरीत उभं राहून होत नाही. आपल्याकडे बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालण्याची रीत आहे. मोठ्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळण्याचीही आहे. दात घासायला याहून चांगली बैठक नाही. जमिनीवर बसा, मुलाचं डोकं मांडीवर घ्या, वर ट्यूबलाईट असू द्या. सगळ्या दाढा दिसतात, मान हलत नाही, मुलाला तुमचा चेहरा दिसतो. घरोघरी हे काम सगळ्यात आधी आज्यांना जमलं. त्यांच्या हातांना ते ठाऊकच होतं.

वेळेचा प्रश्न मला माहीत आहे. चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून सुटलेल्या गाडीत उभं राहून आठ-साडेआठला घरी पोहोचणारी आई कुकर लावते, तोवर मूल पेंगायला लागतं. त्याला उठवून दात घासा असं सांगणं सोपं आहे, करणं अवघड. म्हणून या पुस्तिकेने एक साधा बदल सुचवला आहे. झोपायच्या वेळी नको, जेवण झाल्या झाल्या घासा. ताटं उचलायच्या आधी. त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही जाऊ नये, एवढंच पाळा. मूल संध्याकाळी पाळणाघरात जेवत असेल तर तिथल्या मावशींना ब्रश देऊन ठेवा. आजी-आजोबांकडे असेल तर ही पाळी त्यांची. आई थकलेली असेल तर वडिलांनी घासावं. हे काम बाईचंच आहे असं या पुस्तिकेत कुठंही म्हटलेलं नाही.

पाण्याची अडचणही खरी आहे. वस्तीत नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं आणि रात्री पिंपातलं पाणी जपून वापरावं लागतं. दात घासायला वाटीभर पाणी पुरतं, कारण रात्री घासल्यावर खळाखळा चूळ भरायची नाही, पेस्ट नुसती थुंकायची. पेस्टमधलं फ्लोराईड दातावर थोडं राहिलं तर ते रात्रभर दाताचं कवच सावरतं. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. त्यातले विहार आणि तुळशी तर बोरिवली आणि मुलुंडच्या मधल्या राष्ट्रीय उद्यानातच आहेत. हे पावसाचं साठवलेलं पाणी असल्याने त्यात फ्लोराईड फार कमी असतं, म्हणून इथल्या मुलांना ते पेस्टमधूनच मिळतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत मात्र जमिनीतल्या पाण्यात ते नको इतकं जास्त आहे. तिथून आलेल्या कुटुंबांना फ्लोराईडची भीती वाटते, ती त्यांच्या गावासाठी योग्य आहे. इथं मुलाने पेस्ट खाऊ नये एवढी काळजी पुरे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती विसरून जा. ट्यूबवर फ्लोराईडचं प्रमाण छापलेलं असतं. आपल्याकडे ते १००० पीपीएमच्या वर नसतं. लहान मुलांच्या काही रंगीत, गोड पेस्टमध्ये बरंच कमी असतं, म्हणून चित्र बघून घेण्यापेक्षा आकडा वाचून घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगते. आपल्या अनेक घरांत सकाळी मशेरी लावली जाते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, तिची सवय लागते आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. मुलाच्या हिरडीला दुखऱ्या दातासाठी ती लावलेली मी पाहिली आहे. कधीच लावू नका. आणि ज्या आजीला ती सोडायची आहे, तिला नातवाची रात्रीची पाळी द्या. दुसऱ्याच्या तोंडाची जबाबदारी घेतली की आपल्याही तोंडाकडे लक्ष जातं, हे मी घडताना पाहिलं आहे.

पुस्तिकेची मांडणी वयाप्रमाणे आहे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तेव्हापासून मऊ कापडाने किंवा लहान ब्रशने सुरुवात करायची. वीसही दुधाचे दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. मग बालवाडीचं वय, मग सहा वर्षांची दाढ. प्रत्येक टप्प्यावर काय घासायचं, कसं धरायचं, मूल नको म्हणालं तर काय करायचं, हे चित्रांसह दिलं आहे. ब्रशचे केस मऊ, डोकं लहान, हात हलका, हिरडीजवळ छोटे गोल, आणि नेहमी एकाच क्रमाने, म्हणजे कुठला कोपरा सुटत नाही. शेवटच्या प्रकरणात डॉक्टरांकडे केव्हा जायचं ते आहे. पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा दाखवावं, दुखायची वाट पाहू नये. खासगी दवाखाना परवडत नसेल तर पश्चिम रेल्वेवाल्यांना मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, जे १९३३ पासून चालू आहे. मध्य रेल्वेवाल्यांना सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांच्या तपासणीसाठी २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही दातांचे आजार आहेत. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

पुढचं पान उलटण्याआधी आज रात्री एक करा. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरडीला लागून दाताची जी कड असते तिथं बघा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण आहे, आणि त्या टप्प्यावर ती अजून परतवता येते. तपकिरी झाली की वेळ कमी राहतो. काही दिसलं नाही तर चांगलंच. मांडीवर घेतलंच आहे तर घासून घ्या. माझ्या वर्गातली पोळीच्या कडा ठेवून देणारी मुलं आता स्वतः आई-बाप झाली आहेत. त्यांच्या मुलांनी आख्खी पोळी कडेसकट खावी, यासाठी आम्ही ही पुस्तिका त्यांच्या हाती देत आहोत.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
घाटकोपर